कोड कुणाकुणाला ठाऊक आहे?

नोएडात नवा फ्लॅट ताब्यात आला की मॉड्युलर किचन, एसी आणि पाण्याचा फिल्टर यांच्या जोडीला हल्ली आणखी एक वस्तू ठरलेली असते: दाराचं डिजिटल कुलूप. सेक्टर ७४ ते ७९ मधले टॉवर घ्या किंवा एक्सप्रेसवेकडचे सेक्टर १३७ आणि १५० घ्या. लिफ्टमधून बाहेर पडलं की ओळीनं तीन-चार दारांवर काळी काचेची पट्टी आणि तिच्यावर उजळणारे आकडे दिसतात. सेक्टर ६२-६३ मधली ऑफिसं, पीजी, सोसायटीचं क्लबहाउस, जिम, सगळीकडे तेच. दुकानात माणसं विचारतात की बोटांचे ठसे किती साठवतं, मोबाइलवरून उघडतं का, वॉरंटी किती वर्षांची. त्याआधीचा प्रश्न घरात बसून एकमेकांना विचारायचा आहे. आपला कोड आज कुणाकुणाला ठाऊक आहे?

किल्ली हरवली की ती हरवल्याचं कळतं. खुंटी रिकामी दिसते, शोधाशोध होते, संध्याकाळपर्यंत कुलूपवाला बोलावला जातो. कोड बाहेर गेला तर घरातलं काहीच कमी होत नाही. तो तुमच्याकडेही राहतो आणि दुसऱ्याकडेही जातो, त्याच्याकडून तिसऱ्याकडे जातो, आणि दार पूर्वीसारखंच मुकाट्यानं उघडत राहतं. कीपॅडचे बहुतेक धोके या एका फरकातून येतात आणि त्यांच्यावरचे उपायही त्यातूनच सुचतात.

दहा हजारांतले खरे किती?

चार आकडी कोड ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार होतात. चारच आकडे का, तर ती सवय बँकेच्या यंत्रानं लावली. जून १९६७ मध्ये लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेनं रोख देणारं यंत्र बसवलं. ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडे होते. पत्नीनं सांगितलं की मला चारच लक्षात राहतात, आणि चार ठरले, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली. एटीएममध्ये मात्र कोडसोबत कार्ड लागतं आणि तीनदा चुकलं की व्यवहार अडतो. दारावर तेच चार आकडे आले, कार्डाची अट गळाली.

शिवाय दहा हजार ही संख्या कागदावरची. आकडेवारीचे अभ्यासक निक बेरी यांनी २०१२ मध्ये, फुटलेल्या पासवर्डांतले सुमारे ३४ लाख चार आकडी कोड तपासले होते. त्यांत एकट्या १२३४ चा वाटा जवळजवळ ११ टक्के होता, ११११ चा ६ टक्के. सर्वांत लाडके वीस कोड मिळून चौथ्या हिश्शाहून जास्त माणसांना पुरले. म्हणजे तुमच्याविषयी काहीही माहीत नसलेला माणूस फक्त वीस वेळा प्रयत्न करून चारांतल्या एका दारापर्यंत पोचू शकतो. तुम्हाला ओळखणाऱ्याला त्याहून कमी कष्ट. मुलीचं जन्मसाल, लग्नाची तारीख, गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे, फ्लॅटचा क्रमांक. सहा आकडी कोड मागितला तर २०१३०१, म्हणजे नोएडाचा पिनकोड. मराठी घरात आणखी एक मोह असतो तो राज्याभिषेकाच्या सालाचा, १६७४. दिवाणखान्यात महाराजांची तसबीर पाहून गेलेल्या पाहुण्याला तेही सुचू शकतं.

कोड डोक्यातून काढू नका, कारण डोक्यातून निघालेल्या आकड्याला काही ना काही अर्थ असतोच. शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करा, एक उचला, लिहून घ्या, परत टाका, ढवळा, पुन्हा उचला. असं सहा वेळा करा. जे येईल ते सहा आकडे तुमचे. आठवडाभर रोज दाबले की बोटांनाच पाठ होतात. चारावरून सहावर गेलं की शक्यता दहा हजारांवरून दहा लाखांवर जातात, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आता कुलपाची परीक्षा घ्या. सगळे घरात असताना दार उघडं ठेवून बाहेरून मुद्दाम चुकीचा कोड पाच-सहा वेळा दाबा. चांगलं कुलूप तीन ते पाच चुकांनंतर काही मिनिटं गप्प होतं, काही ठिकाणी ओरडतंही. पाच चुकांमागे तीन मिनिटं थांबावं लागत असेल, तर दहा हजार कोड तपासायला १०० तास लागतात. थांबावंच लागत नसेल आणि एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले, तर साडेआठ तासांच्या आत सगळे संपतात. क्लबहाउसच्या मागच्या दाराला रात्रभरात तेवढा वेळ कुणालाही मिळतो. विकत घेण्याआधी दुकानदाराला ही एक गोष्ट करून दाखवायला सांगा. ती बोटांच्या ठशांच्या संख्येपेक्षा पुष्कळ महत्त्वाची आहे.

इथे शाळेतल्या व्याकरणाची आठवण काढायला हवी. यमाताराजभानसलगम् हे सूत्र आपण वृत्तांचे गण ओळखायला शिकलो. लघु-गुरूच्या तीन-तीन अक्षरांच्या आठही जोडण्या त्या दहा अक्षरांत एकमेकींवर चढवून बसवल्या आहेत. यमाता, मातारा, ताराज असं एकेक अक्षर सरकत गेलं की आठही गण मिळतात. सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरं लागली असती. आकड्यांचीही अशीच साखळी बनते. गणितात ती दी ब्रॉयन यांच्या नावानं ओळखतात. चार आकड्यांचे दहाही हजार कोड सुटे दाबायचे तर ४०,००० वेळा बटण दाबावं लागेल. साखळीनं दाबले तर फक्त १०,००३ वेळा. ही युक्ती चालते ती जे कीपॅड कोड संपल्याचं सांगणारं शेवटचं बटण मागत नाहीत आणि मागचे आकडे विसरून फक्त ताजे चार पाहतात, अशा स्वस्त कीपॅडवर. दोन भलते आकडे दाबून लगेच खरा कोड दाबून पाहा. शेवटचं बटण न दाबताच दार उघडलं, तर तुमचं कीपॅड त्या जातीचं आहे. अशा कीपॅडला चुकांची मर्यादाही नसेल, तर ते टॉवरच्या बाहेरच्या दारावर ठेवू नये.

काही चांगल्या घरगुती कुलपांत हीच गोष्ट मुद्दाम दिलेली असते. खऱ्या कोडच्या आगेमागे भरताड आकडे दाबता येतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला खरा कोड कळू नये. तिथे शेवटचं बटण दाबावं लागतं आणि चुका मोजल्या जातात, म्हणून ती सोय उपयोगाची. लिफ्टपाशी लोक उभे असतील तेव्हा ती जरूर वापरा.

बटणं काय सांगतात

ज्या दाराचा कोड वर्षानुवर्षं बदललेला नाही, त्याच्या बटणांकडे तिरप्या उजेडात पाहा. चार बटणांवरचे आकडे पुसट झालेले असतात, कडा गुळगुळीत, बाकीच्या सहांवर धूळ. चार वेगळी बटणं झिजलेली दिसली की दहा हजारांच्या फक्त २४ जोडण्या उरतात. तीनच झिजलेली असतील तर त्यांतला एक आकडा दोनदा येतो, आणि जोडण्या होतात ३६. म्हणजे चार आकड्यांच्या कोडात एक आकडा पुन्हा वापरणं किंचित बरं. दोन झिजलेली असतील तर अवघ्या १४. नोएडाची धूळ ठाऊकच आहे. उन्हाळ्यात आठवडाभर न पुसलेल्या काचेच्या पट्टीवर तर बोटांचे ठसे नुसत्या डोळ्यांना दिसतात.

उपाय साधे आहेत. पट्टी दर दोन-चार दिवसांनी कोरड्या फडक्यानं पुसावी. कोड बदलताना आधीचे आकडे टाळून नवे घ्यावेत, म्हणजे झीज सगळीकडे वाटली जाते. जिथे बटणं ठळक झिजली आहेत तिथे कीपॅडच बदलावं. सोसायटीच्या समितीवर काम करताना मी पाहिलं की बागेवर आणि रंगावर खर्च मंजूर होतो, पण क्लबहाउसच्या दाराचा कोड बिल्डरनं दिला तोच चालू राहतो, कारण बदलला तर साडेसहाशे घरांना कळवायचा कसा, हा प्रश्न कुणालाच अंगावर घ्यायचा नसतो. अशा दाराला सगळ्यांचा मिळून एक कोड नसावाच. तिथे घरागणिक कार्ड योग्य.

बोटांची ऊबही माग ठेवते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की बटणं दाबून झाल्यावर २० सेकंदांच्या आत उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं छायाचित्र घेतलं, तर संगणकाला ८६ टक्के वेळा पासवर्ड ओळखता आला. मिनिटभरानंतरही ६२ टक्के वेळा. घरफोडी करणारा असा कॅमेरा घेऊन फिरत असेल असं मला वाटत नाही. पण दार उघडल्यावर तळहात क्षणभर सगळ्या पट्टीवर टेकवायला काही खर्च नाही, आणि त्यानं ऊब आणि ठसे दोन्ही एकदम पुसले जातात. त्यापेक्षा खरा धोका डोक्यावरच्या कॅमेऱ्याचा. समोरच्या फ्लॅटच्या दारावरचा घंटीचा कॅमेरा किंवा मजल्यावरचा सीसीटीव्ही नेमका तुमच्या पट्टीकडे पाहतो आहे का, हे एकदा उभं राहून तपासा. पाहत असेल तर शेजाऱ्यांना सांगून त्याचा कोन बदलून घ्या.

ऑफिसांच्या स्टोअररूमवर आणि काही पीजींत बॅटरीशिवाय चालणारी धातूच्या बटणांची यांत्रिक कुलपं असतात. दिसायला भक्कम, पण त्यांतल्या अनेकांत आकड्यांच्या क्रमाला किंमत नसते. २५७९ दाबा किंवा ९७५२, दार उघडतं. दहा बटणांतून चार निवडण्याचे प्रकार फक्त २१०. जुन्या, पाच बटणांच्या सिम्प्लेक्स जातीच्या कुलपात सगळे मिळून १,०८२ कोड बसतात. झाडू-बादल्यांच्या खोलीला ते ठीक आहे. लॅपटॉप, कागदपत्रं किंवा मुलींची राहण्याची खोली त्याच्या भरवशावर सोडू नये.

एकाला एक कोड

दिवसभर घराबाहेर असणाऱ्या जोडप्यांचं नोएडातलं घर स्वयंपाकाच्या ताई, झाडू-पोछा करणाऱ्या दीदी, मुलाला शाळेच्या बसवरून आणणारी बाई, कधी इस्त्रीवाला, कधी आजोबांचा अटेंडंट, यांच्यावर चालतं. यांच्यातल्या तिघा-चौघांना कोड दिलेला असतो, आणि तो सगळ्यांना एकच असतो. घरातली माणसंही तोच वापरतात. मग कपाटातली बांगडी सापडली नाही की संशय सगळ्यांवर जातो, आणि बहुतेक वेळा सर्वांत गरीब माणसावर आधी जातो.

या शहरानं त्याची टोकाची परिणती पाहिली आहे. जुलै २०१७ मध्ये सेक्टर ७८ मधल्या महागुन मॉडर्न सोसायटीत एका घरकाम करणाऱ्या बाईवर चोरीचा आरोप झाला. तिला घरात डांबून ठेवल्याचं तिच्या माणसांचं म्हणणं होतं. दुसऱ्या सकाळी शेजारच्या वस्तीतला जमाव गेटमधून आत शिरला, दगडफेक झाली, आणि दोन्ही बाजूंनी पोलिसांत तक्रारी गेल्या. त्या भांडणामागे कुलपापेक्षा फार मोठी कारणं होती. पण आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करायला हवं: कोण कधी आलं-गेलं याची स्वच्छ नोंद असेल, तर निर्दोष माणसाला स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करत बसावं लागत नाही.

आजची बहुतेक डिजिटल कुलपं दहा-वीस वेगळे कोड देतात, आणि माणसं त्यांतला एकच वापरतात. प्रत्येकाला स्वतःचा कोड द्या. कामाला येणाऱ्यांचा कोड त्यांच्या वेळेपुरता चालेल असा लावा, सकाळी ७ ते ११, आठवड्याचे ठरलेले दिवस. त्यांना ते समजावूनही सांगा: हा कोड फक्त तुमचा आहे, तुमच्याच भल्यासाठी आहे, बदली बाई आली तर तिला देऊ नका, मला फोन करा. काम सुटलं की त्याच दिवशी तो कोड काढा. कारपेंटर, सुतारकाम पाहणारा ठेकेदार, चार दिवसांसाठी आलेला पुतण्या, यांना एकदाच चालणारा किंवा तारखेनं संपणारा कोड द्या. आणि कोड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो निरोप दोन्ही फोनांत वर्षानुवर्षं पडून राहतो, फोन विकला किंवा दुरुस्तीला गेला तरीही. फोन करून सांगा.

घरकामाच्या माणसांची आणि भाडेकरूंची पोलीस पडताळणी उत्तर प्रदेश पोलिसांच्या यूपीकॉप ॲपवरून करता येते. ती कराच. मात्र पडताळणी झाली म्हणून सर्वांना एकच कोड दिला तरी चालतो, असं समजू नका.

भाड्याच्या घरात तर हे जास्तच लागू. अकरा महिन्यांच्या करारांवर इथली घरं हात बदलतात. नव्या घरात पाऊल टाकलं की आधी कुलूप मूळ स्थितीत आणा, म्हणजे आधीच्या भाडेकरूचे कोड, ठसे, कार्डं सगळी पुसली जातील. ॲपमध्ये मालकाच्या किंवा दलालाच्या फोनवरचा ताबा काढून घ्या. मालक नाही म्हणाला तर करारात लिहून घ्या की कोड कुणाकडे आहे.

कंपनीनं दिलेला कोड

कीपॅडच्या पुस्तिकेत पहिल्याच पानांवर एक मूळ कोड छापलेला असतो, बसवणाऱ्यासाठी. त्यानं नवे कोड घालता येतात, जुने काढता येतात. ती पुस्तिका इंटरनेटवर कुणालाही मिळते. तुमचा घरचा कोड कितीही अवघड असो, हा मूळ कोड बदललेला नसेल तर दार उघडंच आहे असं धरा. २०२५ मध्ये असंच उघडकीला आलं. हर्श कंपनीची एन्टरफोन मेश ही इमारतींच्या प्रवेशाची यंत्रणा कॅनडा-अमेरिकेतल्या डझनावारी निवासी इमारतींत बसवलेली होती, पण बसवणाऱ्यांनी मूळ पासवर्ड बदललाच नव्हता. इंटरनेटवरून तिथली दारं आणि लिफ्ट उघडता येत होती, रहिवाशांची नावं आणि घरक्रमांक दिसत होते. कंपनीचं म्हणणं होतं की पासवर्ड बदला असं पुस्तिकेत लिहिलं आहे. लिहिलेलं असतं हे खरं, पण वायरमन पुस्तिका वाचत नाही आणि समिती विचारत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीची चित्रं बाहेर विकली गेल्याचं उघड झालं. तिथला पासवर्ड होता ॲडमिन१२३. आपल्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड काय आहे, तो कुणाला ठाऊक आहे, देखभालीची कंपनी बदलली तेव्हा तो बदलला का, हे तीन प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेत लेखी विचारा. घरच्या कुलपाचा मूळ कोड मात्र आज संध्याकाळीच बदला. बसवायला आलेला तरुण समोर उभा असतानाच बदलू नका, तो गेल्यावर बदला.

कार्डांविषयीही थोडं. टॉवरच्या लॉबीत दाखवायची पांढरी जाड कार्डं किंवा निळे टॅग पुष्कळदा जुन्या जातीचे असतात आणि त्यांची नक्कल बाजारात करून मिळते. मायफेअर क्लासिक या अतिशय पसरलेल्या कार्डाची गुप्तलिपी २००८ मध्येच नेदरलँडच्या नायमेखन इथल्या विद्यापीठात फोडली गेली. मार्च २०२४ मध्ये तर सॅफलॉक या हॉटेलांच्या कुलपांतली त्रुटी जाहीर झाली, १३१ देशांतली सुमारे ३० लाख दारं तिच्या टप्प्यात होती. समितीनं नवी यंत्रणा घेताना विकणाऱ्याकडून कार्डाची जात लिहून घ्यावी आणि हरवलेलं कार्ड एकटं बंद करता येतं का, ते पाहावं.

गेटवरचा माणूस

गेट, लॉबी, मजला, दार असे चार थर आपल्याकडे असतात, आणि प्रत्येक थरावरचा माणूस पुढच्या थरावर भिस्त ठेवून सैल होतो. गेटवरच्या गार्डला वाटतं लॉबीत विचारतील. लॉबीतल्याला वाटतं गेटवर विचारलंच असेल. अंगात डिलिव्हरीचा टी-शर्ट आणि हातात पिशवी असलेल्याला कुणी अडवत नाही, आणि पुढे चाललेला रहिवासी सौजन्यानं मागच्यासाठी दार धरून ठेवतो. उद्धट न होता हे टाळता येतं. दार आपल्यामागे बंद होऊ द्या आणि म्हणा, "आपण कार्ड लावून या, इथं सगळ्यांना तेच आहे."

गार्डविषयी तक्रार करण्याआधी त्याला काय शिकवलं गेलं आहे ते विचारा. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा आहे आणि केंद्र सरकारच्या आदर्श नियमांत गार्डसाठी किमान १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. कंत्राट देताना एजन्सीचा परवाना आणि या प्रशिक्षणाचे दाखले मागा. बारा-बारा तास उभ्या असलेल्या, दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाकडून चेहरे लक्षात ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. गार्ड टिकले तर सुरक्षा टिकते, त्यासाठी पगार वेळेवर जातो का, हे पाहणं समितीचंच काम आहे.

गेटवरचं उघडं रजिस्टर तर ताबडतोब बंद करायला हवं. आधीच्या पंचवीस पाहुण्यांची नावं, फोन आणि कोण कोणत्या फ्लॅटला गेलं ते सव्विसावा पाहुणा निवांत वाचतो. कोणत्या घरी रोज किती वाजता कोण येतं आणि कोणत्या घरी आठवडाभर कुणीच आलेलं नाही, हेही त्यातून कळतं. पाहुण्यांच्या नोंदीसाठी ॲप वापरत असाल तर चांगलंच, पण फोन न लागल्यावर गार्डनं काय करायचं हा नियम ठरलेला असावा. आज बहुतेक ठिकाणी तो "जाऊ द्या" असा आहे.

दार, चौकट आणि बाहेर पडण्याची वाट

मुंबईत लालबागला अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं बनवायला घेतली तेव्हापासून आपल्याकडे चांगलं कुलूप हा घराच्या अभिमानाचा विषय आहे. तरी कुलूप टांगलेलं असतं दारावर आणि दार चौकटीवर. बिल्डरनं दिलेल्या चौकटीत कडी जिथे शिरते ती पट्टी बघा. ती दोन बारक्या स्क्रूंवर असेल तर वीस हजारांचं कुलूप त्या दोन स्क्रूंच्या ताकदीचं आहे. लांब स्क्रू घालून ती भिंतीपर्यंत धरून घ्या. दार ओढून घेतल्यावर फक्त तिरकी जीभ बसते की जाड कडीही आपोआप पुढे येते, ते पाहा. नुसती जीभ पातळ पत्र्यानंही सरकवता येते. बहुतेक डिजिटल कुलपांना आणीबाणीसाठी किल्लीचं भोक असतं, ते झाकणाखाली दडलेलं असतं. महागड्या पट्टीखाली तो भाग हलक्या प्रतीचा असेल तर चोर आकड्यांच्या नादी लागणारच नाही. जाळीचा बाहेरचा दरवाजा असेल तर त्याला साधं, वेगळं, किल्लीचं कुलूप ठेवा.

लॉबीच्या दाराबाबत एकच तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. कुलूप उघडण्याचा हुकूम देणारा भाग बाहेरच्या कीपॅडमध्ये नसावा, दाराच्या आतल्या बाजूला वेगळ्या पेटीत असावा. बाहेरची पट्टी कुणी उचकटली तरी दार उघडू नये. कोटेशनमध्ये हे वाक्य घालायला लावा.

चुंबकाच्या जोरावर बंद राहणारी दारं वीज गेली की उघडतात. ते तसंच असायला हवं, कारण धूर भरल्यावर माणसं बाहेर पडली पाहिजेत. नोएडात वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचे सेकंद उरतात, त्यांच्यासाठी छोटी बॅटरी बसवा, पण आगीचा भोंगा वाजला की दार सुटलंच पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेतही बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडता यावं असं सांगितलं आहे. ३० मे २०२४ ला सेक्टर १०० मधल्या उंच सोसायटीत एसीमुळे आग लागली होती; अशा वेळी चोरांच्या भीतीनं कुलूप घातलेला जिना काय करील, याचा विचार सुरक्षेच्या प्रत्येक बैठकीत व्हावा. जिन्याच्या दाराला कुंडी लावून ते उघडं ठेवू नका आणि साखळीही घालू नका. घरात वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर कुलपाला आतून लागणारं दुहेरी लॉक त्यांना एकट्यानं उघडता येतं का, ते दिवे बंद करून करायला लावून पाहा.

बॅटरी संपत आल्याचा आवाज आला की त्याच आठवड्यात सगळ्या एकदम बदला, जुन्या-नव्या मिसळू नका. कुलपाच्या खालच्या कडेला नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची जागा किंवा पॉवर बँकेची खाच असते, ती घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आणीबाणीची किल्ली चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीत किंवा आगीच्या पाइपच्या कपाटात ठेवायची नाही. चोरही तिथंच आधी हात घालतो. शेजारच्या विश्वासाच्या घरी द्या.

गावाला जाताना

गणपतीला किंवा मे महिन्यात गोवा एक्सप्रेसनं पुण्या-मिरजेकडे निघालात, की निघायच्या दिवशी कामवाल्यांचे कोड तात्पुरते बंद करा, घरच्यांचा बदला, दूध-पेपर थांबवा आणि गार्डला सांगण्याऐवजी शेजाऱ्याला सांगा. परत आल्यावर दार नीट बंद आहे पण घरात कुणी येऊन गेल्याचा संशय असेल, तर कुलपाला हात लावण्याआधी ११२ ला फोन करा. बॅटरी काढू नका, मूळ स्थितीत आणू नका. कुलपातली नोंद मर्यादित असते, नव्या नोंदी जुन्यांना पुसत जातात, म्हणून ॲपमधल्या नोंदीची छायाचित्रं लगेच घ्या आणि सोसायटीला सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याचं लेखी पत्र त्याच दिवशी द्या. बहुतेक ठिकाणी ते काही आठवड्यांत पुसलं जातं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आणि घराचा विमा असेल तर पॉलिसी आज काढून वाचा. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत बळानं, तोडफोड करून आत शिरल्याची अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं की पॉलिसीत तशी अट असेल, तर तोडफोड न होता झालेली चोरी भरपाईत बसत नाही. फुटलेल्या कोडनं दार उघडलं तर कुठेच ओरखडा नसतो. तेव्हा विमा कंपनीला लेखी विचारा की बळाचा वापर न करता झालेली चोरी यात धरली आहे का, नसेल तर ते कलम वाढवून घ्यायला किती हप्ता पडेल, आणि डिजिटल कुलपाची नोंद पुरावा म्हणून चालेल का. उत्तर ईमेलवर मागा आणि पॉलिसीला जोडून ठेवा.